रकाना

या नोंदवहीला कागद नाही.
जगाच्या कुठल्याही खिडकीतून कुणीही यावं,
एक ओळ लिहावी, दुसऱ्याची खोडावी,
असा तिचा रिवाज.

आपियाच्या वाचनालयात, बंद पंख्याखाली,
फेतुआओ नोंद भरते आहे.
नाव: फिलेमू.
गाव: सफोतु, सवाई बेटाचा उत्तर किनारा.
व्यवसाय: चटया विणणं.
इथवर बोटं सरसर चालतात.
मग येतं लिंग.
बाण दाबला की यादी उलगडते:
पुरुष, स्त्री, इतर, अज्ञात.

अज्ञात?
सफोतुच्या कोंबड्यांनासुद्धा ठाऊक होतं.
सात वर्षांचं एक मूल बायकांच्या विणघरात येऊन बसलं
तेव्हा कुणी हाकललं नाही,
मावशीने फक्त सरकून जागा केली.

मूल बसलं.
माझी भाषा मुलांना एवढी सूट देते
आणि मोठं झाल्यावर काढून घेते.
आता पुढची ओळ कशी लिहू?
इथे क्रियापदालाही एक तर पदर असतो
किंवा मिशी.
म्हणून मी ‘त्यांनी’च्या आडोशाला उभी आहे:
त्यांनी केवड्याच्या कुळातली पानं उन्हात वाळवली,
त्यांनी ती नखाने चिरली, दोऱ्याइतकी बारीक,
त्यांनी भाच्यांची लग्नं लावली,
चर्चमध्ये खालचा सूर धरला, आणि कधीकधी मुद्दाम वरचा.
मागच्या वर्षी त्यांचा श्वास थांबला.
पाहा, मी ‘वारले’ म्हटलं नाही
आणि ‘वारल्या’ही नाही.

तिकडे ही कसरत लागत नाही.
‘तो’ला आणि ‘ती’ला मिळून एकच ‘इया’,
आणि फिलेमूंसाठी एक जुना, वापरून मऊ झालेला शब्द:
फाआफाफिने.
बाजारात चालतो, भांडणात चालतो,
यादीत नाही.

फेतुआओने तो हाताने टंकला.
सकाळी पाहते तर: पुरुष.
संदर्भ, बाप्तिस्म्याचं रजिस्टर, नाव फिलेमोनी.
बदलणारं माणूस उट्रेख्तचं,
तळ्यातल्या बदकांच्या नोंदीही तितक्याच निष्ठेने ठेवणारं.
तिने परतवलं. त्याने परतवलं.
मग तिसरं कुणी आलं, कळवळ्याने,
आणि लिहून गेलं: ट्रान्स स्त्री.
फेतुआओला त्याचा राग येईना,
आणि ते पटेहीना.
अकरा वेळा बदललेल्या त्या रकान्याखाली
लाल अक्षरं उभी राहिली: पुरावा द्या.

पुरावा आणायला ती बोटीने सफोतुला गेली.
फिलेमूंची बहीण लोसा मासे साफ करत होती.
सगळं ऐकून घेतलं, मग खवल्यांच्या हातांनी पोट धरून हसली.
‘पुरुष! नारळावर चढवलं असतं तर
पहिल्याच दिवशी फांदीसकट खाली आलं असतं.’
नारळाला फांदी नसते हे तिलाही माहीत होतं.
मग ती गप्प झाली.
‘आणि चटया?
चटया किती ते विचारलं का त्या माणसांनी?’

फेतुआओने नोंद आठवली.
अकरा बदल एका शब्दात.
चटयांची ती एकच ओळ,
पहिल्या दिवशी होती तशी.

लोसाने बोटं मोडत मोजायला घेतलं.
ही ऑकलंडच्या लग्नात गेली, ही पुरात,
ही सरपंचाच्या शवावर,
ही उंदरांनी खाल्ली, लिही, उंदरांनी खाल्ली तीही लिही.
एकोणचाळीस.
चाळिसावी अर्धी, वर गुंडाळून ठेवली आहे,
ती मोजायची की नाही यावर दोघींचं एकमत झालं नाही.

परतून फेतुआओने सगळ्या लिहिल्या,
अर्धीसुद्धा.
शेवटी लिंगाच्या रकान्यात तोच शब्द घातला,
संदर्भाच्या जागी: बहिणीने सांगितलं, मासे साफ करताना.

आपियात रात्र झाली आहे.
उट्रेख्तमध्ये आत्ता कुणीतरी
कॉफीचा कप घेऊन बसत असेल.